गस्सानची तक्रार

१२ फेब्रुवारी २०१७, रविवार

आज माणूस मिळाला. गस्सान हद्दाद, वय एकेचाळीस, सीरियातल्या होम्स शहरचा. इथे सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा पाजून मी आणि चंद्रशेखरने त्याची मुलाखत घेतली. आमच्या ‘गर्जना फुटबॉल अकॅडमी’ला नाव आहे, लोगो आहे, टी-शर्ट शिवून आलेत, फक्त शिकवणारा नव्हता. भागीदारी अशी की चंद्रशेखर पैसे घालणार आणि मी डोकं घालणार. त्याचा आंग मो किओला कारखाना आहे, आणि माझं डोकं इतकी वर्षं आयटीत मॅनेजरकी करून तयार झालेलं आहे.

गस्सान जन्मभर बचावफळीत खेळला. आधी होम्स, मग बैरुत, मग इंडोनेशिया, शेवटी इथला एक क्लब. गुडघा गेला तेव्हा त्याच क्लबात असिस्टंट झाला आणि पुढे दोन सीझन मॅनेजर. फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात, हे मला फार आवडलं. मी त्याला म्हटलं, आपण एकाच वाटेचे. त्याने गंभीरपणे विचारलं, ‘तुम्हीही डिफेंडर होता?’ चंद्रशेखरला हसू आवरेना.

त्याच्या क्लबाने संघ बंद केला, त्यामुळे त्याचा इथे काम करायचा पास संपत आलाय. त्यामुळे घासाघीस अशी झालीच नाही. माणूस गरजू असला की मुलाखत सोपी जाते. हे काही फार चांगलं वाक्य नाही, पण स्वतःच्या डायरीत सोवळेपणा कशाला?

त्याने एकच गोष्ट विचारली. बायको हाला आणि मुलगी सिरीन लेबनॉनमध्ये त्रिपोली गावी भाड्याच्या खोलीत राहतात. वर्षभर नीट काम केलं तर आम्ही त्याला वरच्या पासात बसवू का? त्या पासावर कुटुंब आणता येतं. मी म्हटलं, ‘बघू की. नक्की बघू.’ इंग्रजीतही तेच सांगितलं. त्याने उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. मराठी माणसाला ‘बघू’ म्हटलं की तो काय ते समजतो. ह्याला ते कुठून कळणार.

५ मार्च, रविवार

सराव सुरू झाला. मुलं-मुली बहुतेक आपलीच, पुण्या-मुंबईच्या घरांतली. गस्सान एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, पार त्या टोकाहून, पासिर रिसहून येतो आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असतो.

आल्याआल्या त्याने पिशवीतून दोरी काढली, मैदानाच्या कडेने बांधली आणि पालकांना सांगितलं, दोरीच्या मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. नीताच्या कपाळाला आठ्या पडल्या. नीता म्हणजे आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या की संध्याकाळपर्यंत घरोघरी पडतात.

ऋताला त्याने मागे उभं केलं. माझी मुलगी, चौदा वर्षांची, पळायला लागली तर कुणाला सापडत नाही. खरं सांगायचं तर अकॅडमी मी तिच्यासाठीच काढली, आणि ती काही तिने राखण करावी म्हणून नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, ‘सगळी मुलं बॉल बघतात. ही माणूस बघते. हे शिकवता येत नाही.’

घरी ऋताला विचारलं, तुला पुढे खेळावंसं वाटत नाही का? ‘बॅक इज नाइस, बाबा. कॅन सी एव्हरीबडी.’ आमच्या घराण्यात आजवर कोणी मागे राहिलेलं नाही.

२३ एप्रिल, रविवार

तिसरी मॅच. शून्य-शून्य. पहिल्या दोन्हीही शून्य-शून्यच. समोरच्या संघाचा मॅनेजर, एक वयस्क चिनी गृहस्थ, गस्सानला येऊन इथल्या पद्धतीने ‘लाह’ लावत म्हणाला, ‘युअर डिफेन्स व्हेरी सॉलिड, लाह.’ गस्सान एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पहिल्यांदाच बघितला.

पालक मात्र सुतक असल्यासारखे उभे. चंद्रशेखर म्हणाला, ‘निशिकांत, आजी-आजोबांना व्हिडिओ काय पाठवायचा? गोल झाला नाही, ह्याचा व्हिडिओ कसा काढतात?’ मुद्दा बिनतोड आहे. नाव गर्जना आणि आवाज नाही.

२० मे, शनिवार

गस्सान जेवायला आला होता. माझ्या बायकोने, मेधाने, आमटी-भात, भरली वांगी केली होती. ती प्रत्येक आल्यागेल्याला पोटभर वाढते आणि मग त्याच्याबद्दल हळवी होते.

त्याने आपल्या कारकिर्दीची गोष्ट सांगितली. होम्सला कपची फायनल होती. शेवटची मिनिटं, बरोबरी चाललेली. समोरून बॉल उंच आला, हा अडवायला उडाला आणि डोक्याला लागून बॉल स्वतःच्याच गोलात. कप गेला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. हा जमिनीवर पालथा पडून राहिला. तेव्हा त्यांचा म्हातारा मॅनेजर, पंच ओरडत असतानाही, चालत आत आला, ह्याला उठवून बसवलं आणि म्हणाला, ‘बॉल तुला लागला, कारण तू बरोबर जागी होतास. बाकीचे तिथे पोचलेच नव्हते.’ गस्सान म्हणाला, ‘त्या दिवशी मी ठरवलं, एक दिवस मॅनेजर व्हायचं.’

मेधाने डोळे पुसले. ऋता त्याच्याकडे एकटक बघत होती, माझ्याकडे तिने असं कधी बघितल्याचं आठवत नाही. त्या गोलाची क्लिप त्याच्या फोनमध्ये आहे, अजून अधूनमधून बघतो म्हणे. मी ती मागून घेतली. माझ्या लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये एका स्लाइडला फिट्ट बसेल.

जाताना पुन्हा पासाचा विषय निघाला. हालाची आई होम्सलाच असते आणि रोज फोन करून म्हणते, घरी परत ये. ‘हाला थांबलीय ती फक्त माझ्या शब्दावर. ती तिकडे गेली तर मी तिच्यामागे जाऊ शकत नाही. माझं नाव लष्कराच्या यादीत आहे, सीमेवरच धरतील.’ मी त्याला लिफ्टपर्यंत सोडलं. पाठीवर हात ठेवला. बरं वाटलं मलाच.

१७ जून, शनिवार

आज ग्रुपवर धमाल उडाली. गस्सानने दुपारी मेसेज टाकला, इंग्रजीत: उद्या सकाळी आठ वाजता TAKRAR, सर्व खेळाडूंनी यावं, पालकांचं स्वागत, सबब चालणार नाही. मुलांकडून तो ‘चला’, ‘बस’, ‘पाणी’ असे शब्द उचलत असतोच, आता हा एक उचलला. नीताने लगेच लिहिलं, ‘उशिरा का होईना, शहाणपण आलं. उद्या सर्वांनी आपापले मुद्दे घेऊन या.’ खाली अंगठ्यांची रांग.

मलाही वाटलं, चला, माणूस सुधारतोय. अभिप्राय मागायला धाडस लागतं.

१८ जून, रविवार

झाडून सगळे पालक आले. घडीच्या खुर्च्या आणल्या, थर्मास आणले, कोणाचे वडील भारतातून आलेत त्यांनाही आणलं. एवढी गर्दी बघून गस्सानला भरूनच आलं. त्याने प्रत्येकाशी हात मिळवला आणि आपण होऊन दोरी सोडून टाकली.

मग त्याने मुलांना एकच गोष्ट करायला लावली. बॉल उंच यायचा, मागच्या मुलाने पुढे येऊन तो परतवायचा, परत जागेवर जायचं. झालं की गस्सान हात उंच करून ओरडायचा, ‘तक्रार!’ मुलं परत तेच करायची. इकडे पालकांना वाटायचं, पुढची तक्रार सांगा असं म्हणतोय. मग पुढचा माणूस उठून माझ्यापाशी यायचा. मी फोनवर सगळं टिपून घेत होतो. गस्सानला वाटलं असावं, मी सराव टिपतोय. त्याने लांबून मला अंगठा दाखवला.

तक्रारी अशा. गोल होत नाहीत. हसत नाही. दोरीमागे गुरांसारखं उभं करतो. वाढदिवसाचा केक मैदानात आणू दिला नाही. इंग्रजी धड नाही, मुलांचे उच्चार बिघडतील. समीर म्हणून एक पालक आहेत, त्यांचा मुलगा पुढे खेळतो, पण त्यालाही मागे धावायला लावतो. नीता शेवटी हळू आवाजात म्हणाली, ‘आणि शेवटी तो कुठून आलाय, काय बघून आलाय, आपल्याला काय माहीत? मुली आहेत आपल्या.’ तिच्या मुलीला तोवर त्याने दोनदा पाणी प्यायला पाठवलं होतं, चेहरा लाल झाला म्हणून. ते मी टिपलं नाही, ती तक्रार नव्हती.

निघताना गस्सान मला म्हणाला, ‘असे पालक मी कुठल्याही देशात बघितले नाहीत.’

२० जून, मंगळवार

जेवताना ऋता म्हणाली, ‘बाबा, यू ऑल गॉट इट राँग, लाह. तकरार इज अरेबिक. मीन्स अगेन. डू अगेन. कोच सेज इट एव्हरी वीक.’

असेल. शब्द इकडून तिकडे जातात, अर्थ बदलतात. पण तक्रारी तर खऱ्या होत्या ना? त्या काही अरबीत नव्हत्या. चंद्रशेखरला पाठवूनही झाल्या होत्या. त्याचा लगेच फोन आला, ‘आपण मागवल्या नाहीत, त्यानेच मागवल्या. उद्या कोणी आपल्याकडे बोट दाखवू शकत नाही.’ हे मात्र त्याचं बरोबर आहे.

ऋताला म्हटलं, तू अभ्यास कर.

१९ ऑगस्ट, शनिवार

चंद्रशेखरने एक इंग्रज शोधलाय. ग्रॅहम. पोहायला आला होता त्याच्या कॉन्डोच्या तलावात. गप्पिष्ट, सगळ्यांना नावाने हाक मारतो, म्हणतो मुलांनी नुसतं पुढे जायचं, मागचं मागे. नीताशी त्याची भेट घालून दिली, ती खूश.

अडचण एवढीच की आमच्या कंपनीला परदेशी माणसाची एकच जागा आहे. गस्सानचा पास रद्द केल्याशिवाय ग्रॅहमचा अर्ज करता येत नाही. ठरलं की सीझन संपला की नोव्हेंबरच्या सुरुवातीला गस्सानला मोकळं करायचं. आत्ता सांगायचं नाही. सांगितलं तर त्याचं मन लागणार नाही आणि मुलांचं नुकसान होईल.

मला वाईट वाटलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एक मीटिंगच विसरलो. मेधाला सांगणार होतो, पण तिला सांगितलं की लगेच त्याच्या बायकोचं काय, मुलीचं काय, हे सुरू होणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते शोधायचं काम माझं आहे असंही मला वाटत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

सीझन संपला. आम्ही तिसरे. सबंध सीझनमध्ये एकही गोल खाल्ला नाही. ऋताला ‘बेस्ट डिफेंडर’ची छोटी ढाल मिळाली. ती तिने मला न दाखवता आधी गस्सानला दाखवली.

गस्सानने विचारलं, पासाचं कधी करायचं? म्हटलं, दिवाळी होऊ दे.

२२ ऑक्टोबर, रविवार

नुसती नोटीस हातात ठेवली तर बरं दिसत नाही, असं चंद्रशेखरचं मत पडलं. आपल्याकडे माणसाला मोठ्या मनाने निरोप द्यायची पद्धत आहे. पुढच्या शनिवारी आपल्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम आहेच, त्यात शाल-श्रीफळ देऊन गस्सानचा सत्कार करायचा आणि सोमवारी सांगायचं. लोकांच्या डोळ्यांदेखत गौरव केला की कटुता राहत नाही. माझ्या ऑफिसातही आम्ही केक कापल्याशिवाय कोणाला काढत नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

कार्यक्रम झाला. सगळं क्रमाने लिहून काढतो.

हॉल भरलेला. गस्सान काळ्या कोटात आला होता, कोणाचा तरी मागून आणलेला, बाह्या तोकड्या. मेधाने स्टेजच्या पायरीशी मला गाठलं. तिच्या कानावर कुठून तरी आलं होतं. ‘त्यांना सांगितलंय ना तुम्ही?’ मी म्हटलं, सोमवारी सांगतोय, आत्ता त्याचा मूड कशाला घालवू? ती जाऊन शेवटच्या रांगेत बसली.

चंद्रशेखरने भाषण केलं. झकास बोलतो तो. शेवटी म्हणाला, ‘गस्सान सरांना त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ झालं. आपल्यातल्या कोणालाही एवढं पुरे असतं. नीताने वळून समीरकडे बघितलं, समीरने मान डोलावली, सगळ्या हॉलला कळलं की हा चालला. गस्सानने पुढच्या रांगेतल्या ऋताला खुणेने विचारलं, काय म्हणाले? ती बिचारी शब्दाला शब्द जुळवत म्हणाली, ‘ही विशेस यू बेस्ट फॉर द जर्नी अहेड, कोच.’ गस्सानने छातीवर हात ठेवून चंद्रशेखरला वाकून नमस्कार केला. मग मी त्याला शाल पांघरवली. नारळ दिला. नारळ कसा धरायचा ते त्याला कळेना, दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा राहिला.

मग चंद्रशेखरने त्याच्या कारकिर्दीची फिल्म लावली. फोटोंना जोडून त्याने माझ्याकडची ती क्लिपही घेतली होती, मागे ढोल-ताशा. मी त्याला कुठला गोल ते सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही. पडद्यावर गस्सान उडाला, बॉल जाळ्यात गेला, समोरचे खेळाडू धावत एकमेकांच्या अंगावर पडले. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. बॉल आत गेला, लोक नाचतायत, म्हणजे गोलच की. मागून कोणीतरी ओरडलं, ‘वन्स मोअर!’ आणि आपल्या लोकांना वन्स मोअरची सवय, सगळा हॉल वन्स मोअर, वन्स मोअर. चंद्रशेखरने परत लावली.

पहिल्या वेळी गस्सान खाली बघत होता. दुसऱ्या वेळी त्याने मान वर केली, लोकांकडे बघितलं आणि हसला. मी त्याला हसताना नीट असा तेव्हाच बघितला. तिसऱ्यांदा लागायच्या आत ऋता उठली, लॅपटॉपपाशी गेली आणि तिने वायर ओढून काढली. मला शरम वाटली. मुलीला असं वागणं शोभत नाही.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, ‘माझ्या गावात त्या गोलासाठी लोकांनी मला बाटल्या मारल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या. अशा लोकांमध्ये मला म्हातारं व्हायचंय.’ चंद्रशेखरने त्याचं मराठी करून सांगितलं. लगेच जेवणाची घोषणा झाली.

पुरीच्या रांगेत तो माझ्या शेजारी होता. शाल तशीच अंगावर. फोटो हालाला पाठवला म्हणाला. ‘तिने विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, इथे माणसाला ठेवून घेतात तेव्हा हे देतात.’ मी त्याला श्रीखंड वाढलं.

३० ऑक्टोबर, सोमवार

चंद्रशेखरच्या कारखान्यातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये सांगितलं. तो प्लास्टिकच्या पाकिटात बायको-मुलीच्या पासपोर्टच्या प्रती घेऊन आला होता. मी मुद्देसूद बोललो. तुझ्या कामाबद्दल आदर आहे, पण अकॅडमीची दिशा बदलतेय. पालकांच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. तक्रारी आल्या आहेत, आणि त्या तूच मागवल्या होत्यास.

‘मी? कधी?’

मी तारीख सांगितली. त्याने आठवायचा प्रयत्न केला. म्हणाला, ‘त्या दिवशी मुलांनी फार छान केलं होतं.’

 मग म्हणाला, ‘पण शाल?’ मी त्याला पद्धत समजावून सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, ‘म्हणजे तुमच्याकडे हे आधी करतात.’ एवढंच. ओरडला नाही, रडला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ सोपं गेलं. पाकीट मात्र टेबलावर विसरला, मला लिफ्टपर्यंत धावत जाऊन द्यावं लागलं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

पास रद्द केला. गस्सान शेवटच्या सह्या करायला आला. दोन आठवडे थांबता येईल का, असं विचारलं. ग्रॅहमचा अर्ज अडतो, म्हणून नाही म्हणालो.

तो जोहोरला जाणार, पूल ओलांडला की मलेशिया. तिथे एक ओळखीचा आहे, त्याच्या ओळखीने कुठल्या तरी संघाचं मिळेल ते काम करेल, मिळतील ते पैसे हालाला पगार म्हणून पाठवेल. म्हणाला, ‘मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागतो. तिचा फोन आला तर मी गेलो असं सांगू नका. मला दुसरी नोकरी मिळेपर्यंत. तिला कळलं तर ती आईकडे जाईल. मग मला त्या दोघी दिसायच्या नाहीत.’

म्हटलं, ‘बघू. नक्की बघू.’ ह्या वेळी त्याने हात धरला नाही.

१० डिसेंबर, रविवार

ग्रॅहमची पहिली मॅच. चार-सहा हरलो. पण काय मजा आली. चार गोल, चार व्हिडिओ. नीताने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. सहा खाल्ले ते मागे कोणीच नव्हतं म्हणून.

ऋता आली नाही. पोट दुखतंय म्हणाली. गेल्या रविवारीही दुखत होतं. मेधा म्हणते, तिच्याशी बोला. मी बोलायला जातो तेव्हा ती मोबाइलमध्ये असते, आणि जेवताना मेधा माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे आमच्याकडे सध्या शांतता आहे. ग्रॅहमशी बोलून ऋताला पुढे घेता येईल का बघतो. पुढे खेळली की खुलेल.

२० जानेवारी २०१८, शनिवार

दुपारी अकॅडमीच्या नंबरवर हालाचा फोन आला. गस्सानचा फोन दोन दिवस लागत नाही म्हणून साइटवरून हा नंबर शोधला. इंग्रजी शाळेत शिकलेलं, सावकाश. आधी माझे आभार मानले. तुम्ही माझ्या नवऱ्याचा मोठा मान केलात, तो फोटो आम्ही भिंतीवर लावलाय. सिरीन सगळ्यांना दाखवते. आणि आता व्हिसाला अजून किती दिवस?

मी पेचात सापडलो. सत्काराच्या दिवशी मी गप्प राहिलो होतो, ते मेधाने मला अजून विसरू दिलेलं नाही. तेव्हा ह्या वेळी ठरवलं की नाही, सरळ आणि खरं तेच बोलायचं. एका बाईला खोट्या आशेवर किती दिवस ठेवायचं? मी म्हटलं, ‘मॅडम, सॉरी, गस्सान आमच्याकडे नोव्हेंबरपासून नाहीत. ते सिंगापूरमध्येही नाहीत.’

ती म्हणाली, ‘पण ते पगार पाठवतात.’

‘आमच्याकडून नाही, मॅडम.’

मागे एक मुलगी काहीतरी विचारत होती. बाई मला म्हणाली, ‘म्हणजे व्हिसा नाही.’ मी म्हटलं, नाही. तिने परत आभार मानले आणि फोन ठेवला.

अंग हलकं झालं. खरं बोलल्याचं समाधान वेगळंच असतं. वळलो तर ऋता दारात. ‘यू टोल्ड हर?’ म्हटलं, हो, खरं ते सांगितलं. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. उठवायला गेलो तर हात झिडकारला. म्हणाली, ‘तुम्ही हात लावू नका मला.’ मराठीत म्हणाली.

२४ जानेवारी, बुधवार

चंद्रशेखरच्या कारखान्यात असताना गस्सानचा मेसेज आला. जोहोरमध्ये फोन चोरीला गेला होता, दोन दिवस नवा घेता आला नाही. हाला सोमवारी सिरीनला घेऊन होम्सला गेली. खोली सोडली. सीमा ओलांडल्यावर तिने फोन केला होता. शेवटी लिहिलंय, ‘मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती.’

वाचून वाईट वाटलं. खरोखर. जागेवरून उठलो, पाणी प्यायलो, खिडकीशी उभा राहिलो.  आधी लिहिलं, ‘माझा नाइलाज होता.’ ते खोडलं. मग लिहिलं, ‘काळजी घ्या, संपर्कात राहू.’ तेही बरं दिसेना. ग्रॅहमच्या रिव्ह्यूची वेळ झाली होती, सगळे रूममध्ये जमले होते, चंद्रशेखर काचेतून बोलवत होता. उत्तर न देणं तर वाईटच. म्हणून ‘नोटेड विथ थँक्स’ लिहिलं, मग त्यातलं थँक्स काढलं आणि नुसतं ‘नोटेड’ असं पाठवून दिलं.